तंजावरला मोडी वाचायला जाताना

मोडी शिकलेला विद्यार्थी तंजावरला निघतो तेव्हा त्याच्या डोक्यात तंजावरचे मराठे राजे सरफोजी असतात आणि तिथल्या सरस्वती महाल ग्रंथालयातले कागद असतात. तंजावर नावाचं शहर त्यात कुठंच नसतं. मग पहिल्याच आठवड्यात अडतं. अक्षर लागतं, ओळ पुरी होते, पण 'वेली', 'मरक्काल', 'चत्रम' हे शब्द आपल्या कोशात सापडत नाहीत. ते सापडतात धान्याच्या बाजारात, बसमध्ये, गावातल्या म्हाताऱ्या माणसांच्या बोलण्यात. म्हणून पंधरा दिवसांचा मुक्काम आखताना दिवसाचे दोन भाग करा: सकाळ-दुपार कागद, संध्याकाळ शहर. संध्याकाळ म्हणजे सुट्टी समजू नका, तोही सरावच आहे.

कधी जावं

तिथला मुख्य पाऊस आपल्या पावसाळ्यात पडत नाही. ईशान्य मोसमी पाऊस ऑक्टोबर ते डिसेंबर असतो, आणि आपली दिवाळीची सुट्टी नेमकी त्यात सापडते. एप्रिल-मे उन्हाळा कडक. जानेवारीच्या मध्यात पोंगलच्या ओळीनं सुट्ट्या येतात. त्याच सुमारास पौष वद्य पंचमीला तिरुवैयारला संत-संगीतकार त्यागराजांची आराधना असते आणि तेरा-चौदा किलोमीटरवरच्या तंजावरातल्या खोल्या आधीच भरतात. ऐप्पसि महिन्यात, म्हणजे ऑक्टोबर-नोव्हेंबरात, राजराज चोळाच्या जन्मनक्षत्राचा सदय उत्सव होतो, तेव्हाही कचेऱ्या बंद असू शकतात. एवढं सगळं वगळलं की फेब्रुवारी सर्वांत चांगला. जुलै-ऑगस्टही चालतो, फक्त उकाड्याची तयारी ठेवा.

ग्रंथालयाची साप्ताहिक सुट्टी रविवारीच असेल असं धरून चालू नका. फोन करून वार विचारा आणि तिकीट त्यानंतर काढा. पंधरा दिवसांच्या मुक्कामात वाचनाचे दिवस जेमतेम अकरा-बारा हाती लागतात.

पत्र नीट नसेल तर पहिले दोन दिवस गेले

विभागप्रमुखांच्या सहीचं, संस्थेच्या छापील कागदावरचं, इंग्रजीतलं पत्र हवं. मराठी पत्र तिथं वाचणारा कोणी असेलही, पण फाईल पुढं सरकते ती इंग्रजीवर. पत्रात चार गोष्टी ठळक असाव्यात: विषय, कालखंड, कोणत्या प्रकारचे कागद हवेत, आणि कोणत्या तारखांना येणार. 'तंजावरच्या मराठ्यांचा इतिहास' असा विषय लिहिलात तर समोरच्याला तुम्हाला काय काढून द्यावं हेच कळणार नाही. 'सरफोजी दुसरे यांच्या काळातील (1798 ते 1832) चत्रमांच्या खर्चाचे मोडी हिशेब' असं लिहिलं (चत्रम म्हणजे यात्रेकरूंची धर्मशाळा) की त्याचं आणि तुमचं दोघांचंही काम सोपं होतं. पत्र तीन आठवडे आधी पाठवा. जाताना मूळ प्रत, दोन झेरॉक्स, ओळखपत्र आणि दोन पासपोर्ट फोटो जवळ ठेवा.

आणखी एक. तिथं कोणाला नुसतं 'मोडी' म्हणालात तर पंतप्रधानांची आठवण निघेल, कारण तमिळमध्ये दोन्ही शब्द अगदी सारखेच लिहितात. 'मोडी आवणम' म्हणा. आवणम म्हणजे दस्तऐवज. रिक्षावाल्याला मात्र ग्रंथालयाचं नाव सांगत बसण्यापेक्षा 'अरण्मनै' म्हणजे राजवाडा सांगावा. ग्रंथालय राजवाड्याच्या आवारातच आहे.

पोचायचं कसं

मुंबई-पुण्याहून चेन्नई आणि तिथून तंजावर हा सरळ मार्ग. गफलत होते ती चेन्नईत. काही गाड्या सेंट्रलला जातात, काही एग्मोरला, आणि तंजावरकडची गाडी बहुधा एग्मोरहून सुटते. दोन्ही स्थानकांत अंतर दोन-तीन किलोमीटरच आहे, पण सामान, रिक्षा आणि गर्दी धरून मधे किमान तीन तास ठेवा. रात्रीची उळवन एक्स्प्रेस सकाळी तंजावरला सोडते. तिरुच्चीपर्यंत गेलात तर पुढं साधारण पन्नास किलोमीटर राहतात, बस किंवा पॅसेंजरनं दीड तासाच्या आत पोचता.

तिरुच्चीची बस तुम्हाला नव्या स्टँडवर, म्हणजे 'पुदु बस्टँड'वर उतरवते. ते गावाबाहेर आहे. राजवाडा, मोठं देऊळ आणि रेल्वे स्टेशन ही सगळी जुन्या स्टँडकडं, 'पळय बस्टँड'कडं. नव्या स्टँडजवळची खोली स्वस्त वाटली तरी घेऊ नका, रोजच्या येण्याजाण्यात तास जातो. स्टेशन ते जुना स्टँड या गांधीजी रोडवर साध्या लॉज आहेत. तिथून देऊळ चालत दहा-पंधरा मिनिटं आणि राजवाडा अर्धा तास.

टाऊन बसच्या पाट्या तमिळमध्ये असतात. लिपी येत नसेल तर बसचा नंबर पाठ करा आणि चढताना कंडक्टरला विचारा. आपल्याकडं एसटीत घंटेची दोरी असते, तिथं कंडक्टरच्या तोंडात शिट्टी असते: एक वाजली की थांबा, दोन वाजल्या की चला. 2021 पासून सरकारी साध्या टाऊन बसमध्ये बायकांना भाडं नाही. मुलींनी 'टिकट' मागून वाद घालू नये, शून्य रुपयांचं तिकीट हातात येतं.

चार शब्द जाण्याआधीच तोंडात बसवा. 'एव्वळो' म्हणजे किती. 'वेणुम' म्हणजे हवं, 'वेंडाम' म्हणजे नको, 'पोदुम' म्हणजे पुरे. उतरायचं असेल तर 'इरंगणुम'. 'तमिळ तेरियादु' हे वाक्य सर्वांत उपयोगी: तमिळ येत नाही. त्यावर समोरचा हसतो आणि हातवाऱ्यांनी सांगायला लागतो. मोठ्या माणसाला 'अण्णा', बाईला 'अक्का' म्हणायला आपल्याला शिकावं लागत नाही, हे दोन्ही शब्द आपल्या घरातलेच आहेत. हिंदीत सुरुवात मात्र करू नका. तिथल्या बहुतेकांना ती येत नाही, आणि ज्यांना येते त्यांनाही आवडेलच असं नाही.

जेवणाच्या वेळा

दुपारी बारा ते तीन 'मील्स'. त्यानंतर स्वयंपाकघर बंद होतं आणि संध्याकाळी 'टिफन' सुरू होतं, म्हणजे इडली, डोसा, पोंगल. साडेतीनला भात मागितला तर मिळत नाही, दुपारी एकला डोसा मागितला तरी बहुतेक ठिकाणी नाही. वाचनाच्या नादात जेवणाची वेळ चुकवणाऱ्यांनी हे लक्षात ठेवावं, नाहीतर संध्याकाळपर्यंत केळ्यांवर दिवस काढावा लागतो.

पान वाढल्यावर आधी सांबार-भात, मग रसम-भात, शेवटी ताक किंवा दही-भात. सगळं एकदम कालवू नका. भात भराभर वाढत जातात, पुरे झालं की पानावर आडवा हात धरून 'पोदुम'. जेवण झाल्यावर पान आपल्याकडं दुमडायचं. समोरच्या बाजूला दुमडणं दुखवट्याच्या जेवणात असतं. पोळीची आठवण आलीच तर रात्री चपाती-कुर्मा मिळतो. पाण्यानं ज्यांचं पोट बिघडतं त्यांनी 'सुडु तण्णी' मागावं, गरम पाणी न कुरकुरता देतात.

कागदापुढं बसल्यावर

पेन्सिल, रबर, रेघांच्या दोन वह्या, लहान भिंग. शाईचं पेन पिशवीतच राहू द्या. हात स्वच्छ धुऊन पूर्ण कोरडे करा आणि घाम पुसायला वेगळा रुमाल ठेवा, त्या दमट हवेत तळहात पाच मिनिटांत ओले होतात. बोटाला थुंकी लावून पान उलटायची सवय असेल तर ती घरी सोडून या. ताडपत्र समोर आलं तर ते वाकवून धरू नये, सपाट पृष्ठावर ठेवून, दोन्ही टोकांना आधार देऊन पाहावं. फोटो आणि प्रती यांचे नियम पहिल्याच दिवशी लेखी विचारून घ्या आणि परवानगी मिळाली नाही तरी काम अडणार नाही असं नियोजन ठेवा. हातानं नक्कल करणारा विद्यार्थी मोडीत जास्त मुरतो, हे कंटाळवाणं असलं तरी खरं आहे.

एका कागदावर तीन फेऱ्या करा.

पहिल्या फेरीत काही वाचू नका. ओळी मोजा, वहीत तेवढे आकडे घाला, एका ओळीला एक ओळ. मोडीत शिरोरेघ आधी ओढलेली असते आणि शब्दांत जागा नसते, त्यामुळं ओळींचा हिशेब सुटला की नंतर कुठं होतो ते सापडत नाही.

दुसऱ्या फेरीत ओळखीच्या खुणा उचला: 'रा॥' म्हणजे राजश्री, 'मु॥' म्हणजे मुक्काम, तारखेआधीचा 'छ' म्हणजे हिजरी महिन्याचा चंद्र. नावं, गावं, आकडे. एवढ्यानं कागदाचा सांगाडा उभा राहतो.

तिसऱ्या फेरीत सलग वाचन. ऱ्हस्व-दीर्घ इकार-उकारांत मोडी फरक करत नाही, म्हणून तुम्ही वहीत 'पाणी' लिहिलंत की 'पाणि' हा निर्णय तुमचा आहे, कागदाचा नाही. जे लागत नाही तिथं टिंबं द्या, अंदाज असेल तर चौकटी कंसात घाला. अंदाज खात्रीच्या अक्षरांत मिसळू देणं ही नवशिक्याची सर्वांत महागात पडणारी चूक. परत आल्यावर पडताळायला कागद समोर नसतो.

वेग सुरुवातीला तासाला आठ-दहा ओळींचा धरा. चौथ्या-पाचव्या दिवशी एकाच लेखनिकाचं वळण हाताळत असाल तर तो दुप्पट होतो. म्हणून रोज नवा रुमाल, म्हणजे कापडात बांधलेला कागदांचा गठ्ठा, मागण्यापेक्षा एकाच हातचे कागद सलग आठवडाभर घ्या.

तारखा आणि मापं

शक सोपा आहे, इसवी सनासाठी 78 मिळवा, जानेवारी ते गुढीपाडवा असेल तर 79. शक 1725 म्हणजे 1803. सोबत संवत्सराचं नाव असतं, त्यानं पडताळा होतो: शक 1725 ला रुधिरोद्गारी.

सुहूर सन, म्हणजे मराठेशाहीच्या कागदांतली एक कालगणना, अरबी शब्दांत लिहितात आणि एककापासून वर चढतात. 'सलास मयातैन व अलफ': सलास तीन, मयातैन दोनशे, अलफ हजार, म्हणजे 1203. त्यात 599 मिळवले की 1802. हे वर्ष मृगाला, जूनच्या सुरुवातीला सुरू होतं, म्हणून जानेवारी ते मे मधल्या तारखेला 600 मिळवावे लागतात. 'इहिदे' एक, 'इसन्ने' दोन, 'आर्बा' चार, 'खमस' पाच, 'सित' सहा, 'सबा' सात, 'समान' आठ, 'तिसा' नऊ. सबा आणि सबैन, म्हणजे सात आणि सत्तर, यांची गल्लत सगळ्यांची होते. वहीच्या आतल्या पुठ्ठ्यावर तक्ता चिकटवा.

महसुलाच्या कागदात फसली, म्हणजे महसुली सन, आली तर तिकडची फसली घ्या: 590 मिळवा, जानेवारी ते जूनला 591. तमिळनाडूच्या महसूल खात्यात आजही 1 जुलैला फसली बदलते, तलाठ्यासारख्या कोणा कर्मचाऱ्याशी ओळख झाली तर त्याच्याकडून हे समजून घ्या.

तमिळ महिना आला की सावध व्हा. तो सौर असतो. 'कार्त्तिगै' दिसला की आपण कार्तिक लिहून मोकळे होतो, पण तो नोव्हेंबरच्या मध्यापासून डिसेंबरच्या मध्यापर्यंतचा आहे, आपला कार्तिक त्याआधीच सुरू झालेला असतो. 'आवणि' आणि श्रावण यांचंही तसंच. वहीत महिना जसा लिहिलाय तसाच उतरवा, रूपांतर शेजारी वेगळ्या रकान्यात.

आता मापं. इथंच शहर कामाला येतं. 'कलम' हा एकच शब्द घ्या. आपल्या हिशेबात 'कलमे 5' म्हणजे पाच बाबी. तंजावरच्या भाताच्या हिशेबात कलम हे धान्याचं माप आहे: आठ नाळिंचा एक मरक्काल, बारा मरक्कालांचा एक कलम. ओळीत 'कलम 12' आलं आणि पुढं 'भात' किंवा 'नेल्लु' (तमिळमध्ये भात) असेल तर ते माप. पुढं 'पैकी' येऊन बाबी फुटत असतील तर ती यादी. तरी शंका राहिली तर बेरीज करून बघा. खालचे मरक्कालांचे आकडे बाराच्या आत राहून बारा झाले की वर एक चढत असेल, तर माप नक्की. खंडी-मणाचा वीसचा हिशेब डोक्यात ठेवून बसलात तर ही बेरीज कधीच जुळणार नाही आणि तुम्ही लेखनिकाला चुकीचा ठरवाल.

जमीन 'वेली'त मोजलेली असते. वीस मा म्हणजे एक वेली, शंभर कुळि म्हणजे एक मा. कावेरीच्या खोऱ्यातले शेतकरी अजून 'मा'त बोलतात आणि तीन मा म्हणजे एक एकर असा ठोकताळा सांगतात. त्यावरून वेली साडेसहा-पावणेसात एकरांची भरते. जुन्या भांड्यांच्या दुकानात पडि आणि मरक्काल ही लोखंडी किंवा पितळी मापं पाहायला मिळतात. हातात घ्या, उंची-रुंदी मोजून वहीत आकृती काढा. त्यानंतर हिशेबातला 'मरक्काल' हा नुसता शब्द राहत नाही, एका माणसाच्या पोत्यात किती वेळा रिकामा झाला असेल ते दिसायला लागतं.

दिशांचे चार शब्दही असेच उपयोगी: किळक्कु पूर्व, मेर्कु पश्चिम, वडक्कु उत्तर, तेर्कु दक्षिण. राजवाड्याभोवतालच्या चार मोठ्या रस्त्यांची नावं दिशांवरूनच आहेत. कागदात 'कीळ वीदि' आलं की ते माणसाचं आडनाव समजू नका, तो पूर्वेकडचा रस्ता आहे, आणि तुम्ही बहुधा सकाळीच त्यावरून चालत आलात.

देवळातली भिंत

मोठ्या देवळाला, 'पेरिय कोविल'ला, एक सकाळ वाचनासाठी राखा. राजराज चोळानं 1010 च्या सुमारास पुरं केलेलं हे देऊळ पाहायला सगळेच जातात. मराठी विद्यार्थ्याचं काम प्राकाराच्या, म्हणजे आवारभिंतीच्या, नैर्ऋत्य कोपऱ्याकडं आहे. तिथं सरफोजींनी 1803 मध्ये कोरवून घेतलेलं भोसले वंशाचं चरित्र देवनागरी अक्षरांत आहे आणि मराठीतल्या सर्वांत मोठ्या शिलालेखांत ते गणलं जातं.

सकाळी साडेसहा-सातला पोचा. कारण साधं: चपला बाहेर ठेवाव्या लागतात आणि नऊनंतर अंगणातली फरशी तापते. दुसरं, कोवळा तिरपा उजेड असताना कोरीव अक्षराच्या कडेला सावली पडते आणि झिजलेला काना उठून दिसतो. डोक्यावर ऊन आलं की सगळा दगड एकसारखा होतो. भिंतीसमोर नीट उभं राहण्यापेक्षा थोडं बाजूला, तिरकं उभं राहून वाचा. खडू, पीठ, ओला कागद यांपैकी काहीही दगडाला लावायचं नाही, हे संरक्षित स्मारक आहे. छापील वाचन आधी मिळवून सोबत न्या, आणि पाच ओळी आधी स्वतः वाचून मग पडताळा. इथंही शब्द सलग आहेत, त्यामुळं शब्द कुठं तोडायचा याचा मोडीसाठी लागणारा सराव देवनागरीत होतो. म्हणूनच ही भेट पहिल्या तीन दिवसांत उरका, शेवटच्या दिवसावर ठेवू नका.

एक रविवार ओरत्तनाडूसाठी. सरफोजींच्या सहचारिणी मुक्तांबाबाईंच्या नावाचं चत्रम तिथं आहे. रामेश्वरच्या वाटेवरच्या यात्रेकरूंना अशा चत्रमांतून अन्न-निवारा मिळे. हिशेबात तांदूळ, ताक, लाकूड अशा बाबी का येतात ते इमारतीचा आवाका पाहिला की कळतं. येताना वाट वाकडी करून तिरुवैयारला गेलात तर मूगडाळीचा अशोका हलवा खा, पण थोडाच, तूप भरपूर असतं.

शहराची वही

कागदांची वही आणि शहराची वही वेगळी. रोज रात्री वीस मिनिटं, झोपण्याआधी. 'शहर सुंदर आहे, माणसं प्रेमळ आहेत' असली वाक्यं खोडून टाका, ती कुठल्याही गावाला लागू पडतात. त्याऐवजी ऐकलेला एक शब्द आणि तो कोणी, कशासाठी वापरला. दुकानाच्या पाटीवरचं एक नाव, विशेषतः शेवटी 'राव' असलेलं. एखादा भाव आणि त्याचं माप. आणि त्या दिवशी आपली झालेली एक चूक. ही शेवटची नोंद टाळावीशी वाटते, पण महिन्याभरानं तीच सर्वांत कामाची निघते.

तंजावरी मराठी बोलणारी घरं भेटली तर परीक्षा घ्यायला जाऊ नका. 'तुमची मराठी किती जुनी, किती गोड' हे त्यांनी पुष्कळ पाहुण्यांकडून ऐकलेलं असतं. त्यांचं मराठी तमिळ वळणाचं आहे, ते दुरुस्त करायचं नाही. 'याला तुम्ही काय म्हणता' एवढं विचारा आणि उत्तर जसं ऐकलं तसं लिहा. ध्वनिमुद्रण करायचं असेल तर आधी विचारून.

निघायच्या आदल्या दिवशी

नवा कागद मागू नका. ज्या जागी टिंबं आणि चौकटी कंस आहेत तेवढेच कागद पुन्हा काढून घ्या, ताज्या डोळ्यांना त्यातली निम्मी तरी अक्षरं लागतात. प्रत्येक नकलेवर रुमालाचा आणि कागदाचा क्रमांक आहे ना ते पाहा, क्रमांकाशिवायची नक्कल प्रबंधात वापरता येत नाही. ग्रंथालयाच्या विक्री विभागात त्यांच्या सूची आणि प्रकाशनं मिळतात, सामानात दोन किलोंची जागा आधीच ठेवा. वह्या मोठ्या बॅगेत टाकू नका. एग्मोरला गाडी बदलताना हातातली पिशवी हातातच राहते, बॅगेचा भरवसा नाही.